लाइन नवी झाली, मेल कुठे अडकले?

घराखाली ऑफिस आणि कारखाना गोकुळ शिरगाव एमआयडीसीत, अशी मांडणी कोल्हापूरजवळच्या कळंब्यात बऱ्याच जणांची आहे. त्यातल्याच एकांचा सोमवारी सकाळी फोन आला. शनिवारी त्यांच्याकडे फायबर आली होती. जुनी तांब्याची लाइन निघाली, मोडेम निघाला, नवा राउटर आणि नवा स्विच बसला. "नेट तर नुसतं पळतंय की हो, मग मेल का जाईनात?" पुण्याचं गिऱ्हाईक टेस्ट सर्टिफिकेटचा मेल मिळाल्याशिवाय कास्टिंगची गाडी आत घेत नव्हतं. गाडी गेटवर उभी होती.

मी पोचेपर्यंत ऑफिसातल्या मंडळींनी राउटर तीनदा रीसेट केला होता, आउटलुकमधलं खातं काढून पुन्हा घातलं होतं, मेलचा पासवर्ड बदलला होता आणि अँटिव्हायरस बंद करून ठेवला होता. मूळ बिघाड कुठलाही असो, त्यावर आता आणखी चार बसले होते. राउटर रीसेट झाल्यामुळे शनिवारी केलेल्या सेटिंग पुसल्या गेल्या होत्या आणि बदललेला पासवर्ड बाकीच्या तीन कॉम्प्युटरवर कुणी घातलाच नव्हता.

नेटचा वेग आणि मेलचं पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळंबा तलाव काठोकाठ भरला तरी गल्लीतला व्हॉल्व्ह बंद असेल तर नळाला थेंब येत नाही. मेलचे व्हॉल्व्ह म्हणजे डीएनएसमधल्या नोंदी, आणि लाइन बदलली की त्यातल्या निम्म्या खोट्या ठरतात. कारण त्या जुन्या लाइनच्या आयपीवर लिहिलेल्या असतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे कशालाही हात न लावणं. गाडी उभी असेल तर तेवढा एक कागद मोबाइल डेटावरून दुसऱ्या खात्यातून पाठवा, पलीकडच्या माणसाला फोन करून सांगा आणि मग शांतपणे बसा. चार गोष्टी तपासा. मेल जाईनात की येईनात? सगळ्यांचे अडकलेत की एकाच कॉम्प्युटरचे? जीमेलवाल्यांनाच पोचत नाही की कुणालाच नाही? आणि ऑफिसबाहेर मोबाइल डेटावर तेच खातं चालतं का? बाहेर चालत असेल तर घोळ बहुधा तुमच्या चार भिंतींत आहे. बाहेरही चालत नसेल तर डोमेनच्या नोंदींकडे वळा. एवढ्या चार प्रश्नांत निम्मं निदान होतं.

मग परत आलेला मेल वाचा. हे काम जवळजवळ कुणीच करत नाही. इंग्रजीतला लांबलचक मजकूर दिसला की लोक तो डिलीट करतात, आणि रोगाचं नाव नेमकं त्यातच लिहिलेलं असतं. मी तो मजकूर छापूनच काढतो आणि पेनानं खूण करतो. त्यात तीन आकडी कोड असतो. तो ४ नं सुरू होत असेल तर नकार तात्पुरता असतो, पाठवणारा सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. ५ नं सुरू होत असेल तर नकार पक्का, काही दुरुस्त केल्याशिवाय तो मेल जाणार नाही. त्याच्याशेजारी टिंबांनी जोडलेला दुसरा कोड असतो. ५.१.१ म्हणजे त्या नावाचं खातंच नाही, बहुधा पत्त्यात चूक. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरलेली. ४.४.१ म्हणजे समोरचा सर्व्हर उत्तरच देत नाही, मग लाइन, फायरवॉल किंवा बंद असलेलं पोर्ट बघायचं. ५.७ नं सुरू होणारे कोड ओळख आणि परवानगीचे. लाइन बदलल्यावर हेच सर्वांत जास्त दिसतात.

कळंब्याच्या ऑफिसात छापलेल्या कागदावर ५५० आणि ५.७ होते, जीमेलकडून आलेले. पण माझं लक्ष त्याच ओळीतल्या आयपीकडे गेलं. चार भागांत लिहिलेला नेहमीचा आकडा तिथं नव्हता. लांबलचक, मधेमधे कोलन असलेला पत्ता होता, म्हणजे आयपीव्ही६. जुन्या लाइनवर तो नव्हताच. फायबरबरोबर आपोआप आला, ऑफिसातल्या बिलिंगच्या सर्व्हरनं तो उचलला आणि सर्व्हर त्याच रस्त्यानं मेल पाठवू लागला. त्या पत्त्याला उलटी नोंद नव्हती. जीमेल अशा पत्त्यावरून आलेला मेल दारातूनच परतवून लावतं.

ही उलटी नोंद समजून घ्या, कारण इथं भलेभले अडकतात. डीएनएसचं नेहमीचं काम नावावरून आकडा सांगण्याचं. तुमच्या मेलच्या सर्व्हरचं नाव विचारलं की डीएनएस त्याचा आयपी सांगतो, ही ए नोंद. या डोमेनचे मेल कुठं द्यायचे ते एमएक्स नोंद सांगते. पीटीआर नोंद मात्र उलट्या दिशेनं चालते. आकडा दिला की ती नाव सांगते. मेल घेणारा सर्व्हर विचारतो, 'या आयपीचं नाव काय? आणि ते नाव परत याच आयपीकडे जातं का?' दोन्ही जुळलं तर तुम्ही उभं राहण्यालायक. आता मुद्दा असा, की ए, एमएक्स वगैरे नोंदी तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये असतात, पण पीटीआर ज्याच्या मालकीचा आयपी आहे त्याच्याकडे असते, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडे. लोक दोन-दोन दिवस होस्टिंगच्या पॅनेलमध्ये ती शोधत बसतात. तिथं ती सापडणार नाही. इंटरनेट कंपनीला लेखी कळवा, 'आमच्या अमुक स्टॅटिक आयपीला तमुक नावाची रिव्हर्स डीएनएस नोंद घाला.' फोन उचलणाऱ्या पहिल्या माणसाला बहुतेक वेळा हे कळत नाही. 'रिव्हर्स डीएनएस' हाच शब्द धरून ठेवा आणि तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवायला सांगा.

आम्ही त्या दिवशी त्या सर्व्हरचं आयपीव्ही६वरून मेल पाठवणं बंद केलं. नव्या लाइनच्या स्टॅटिक आयपीला कंपनीनं नाव दिलेलं होतं आणि ते जुळतही होतं. वाटलं, झालं. दोन मिनिटांत दुसरा नकार आला, ५.७.२६. हा नकार डोमेनच्या ओळखीचा. मेल या डोमेनच्या नावानं आलाय, पण या आयपीला तसं पाठवायचा अधिकार दिसत नाही, असं जीमेलचं म्हणणं.

तो अधिकार लिहिलेला असतो एसपीएफ नोंदीत. आमच्या नावानं मेल पाठवायला कुणाकुणाला परवानगी आहे, याची ती यादी. यादीत जुन्या लाइनचा आयपी होता, नवा नव्हता. इतकं सरळ होतं. पण पॅनेल उघडल्यावर दिसलं की एसपीएफच्या नोंदी दोन होत्या. एक जुनी आणि एक वेबसाइट करणाऱ्यानं कधीतरी स्वतःची घातलेली. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी लागते. दोन असल्या तर तपासणाऱ्याच्या लेखी ती चूक ठरते आणि दोन्ही बाद होतात. दोन्हींतलं कामाचं एकत्र करून एकच नोंद ठेवली, त्यात नवा आयपी घातला, जुना काढला. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. एसपीएफ तपासताना जास्तीत जास्त १० वेळा दुसऱ्या नोंदी विचारल्या जातात. बल्क मेलवाला, सीआरएमवाला, टपाल सॉफ्टवेअरवाला असे एकेक जोडत गेलात आणि ११वी विचारणा झाली की सगळी नोंदच निकामी.

एसपीएफच्या जोडीला डीकेआयएम असतं. ती मेलवरची सही समजा, आयपी बदलला तरी ती बदलत नाही. म्हणून जिथं डीकेआयएम नीट बसवलेलं असतं तिथं लाइन बदलल्याचा त्रास निम्म्यानं कमी होतो. आणि दोन्ही तपासण्या नापास झाल्या तर मेलचं काय करायचं, हे डीमार्कची नोंद सांगते. आता हे ऐच्छिक राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू, दोघांनीही या गोष्टींची सक्ती केली. दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. बाकीच्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक आणि सरळ-उलटी दोन्ही नावं जुळणं, एवढं तरी लागतंच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनंही आपल्या आउटलुक, हॉटमेल खात्यांसाठी मोठ्या संख्येनं पाठवणाऱ्यांवर हीच अट घातली. म्हणून 'आजवर तर चालत होतं' हे म्हणणं आता कामाचं नाही.

नोंद दुरुस्त केली आणि लगेच मेल गेला, असंही होत नाही. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना केली तेव्हाच तिच्यात हे ठेवलं होतं, की एकदा मिळालेलं उत्तर विचारणाऱ्यानं काही काळ आपल्याजवळ जपून ठेवावं, म्हणजे मूळ सर्व्हरवर गर्दी होणार नाही. तो काळ म्हणजे टीटीएल, सेकंदांत लिहिलेला. कळंब्याच्या त्या नोंदीवर १४४०० होते, म्हणजे चार तास. दुपारी एकच्या सुमारास दुरुस्ती केली आणि संध्याकाळी साडेचारला पहिला मेल जीमेलवर पोचला. मधल्या वेळात मालक दर दहा मिनिटांनी विचारत होते, "अजून काही बदलायचं राहिलंय का?" काही बदलायचं नसतं. वाट बघायची असते. त्या वेळात पुन्हा नोंद बदलली तर घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि आपण नेमकं काय दुरुस्त केलं तेही कळत नाही.

येणारे मेल थांबले असतील तर तपास वेगळा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, एनएसलुकअप द्या, मग 'सेट टाइप=एमएक्स' (अक्षरं अर्थातच इंग्रजी) आणि पुढच्या ओळीत तुमचं डोमेन. जे नाव येईल त्याचा आयपी विचारा. तो जुना असेल तर चोर सापडला. नंतर हेच 'सर्व्हर ८.८.८.८' देऊन बाहेरच्या सर्व्हरला विचारा. ऑफिसातल्या आणि बाहेरच्या उत्तरांत फरक असेल तर कुठंतरी जुनं उत्तर साठून राहिलंय. एमएक्समध्ये आयपी लिहायचा नसतो, नाव लिहायचं असतं, आणि त्या नावाची स्वतःची ए नोंद लागते. वेबसाइटसाठी क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर मेलच्या सर्व्हरच्या नोंदीवरचा नारंगी ढग बंद ठेवा. तो ढग वेबसाइटची वाहतूक नेतो, मेलची नेत नाही.

या बाबतीत एक दिलासा देण्यासारखी गोष्ट आहे. तुमचा सर्व्हर सापडत नसला तरी नीट चालवलेले मेल सर्व्हर पत्र लगेच टाकून देत नाहीत, साधारण चार-पाच दिवस ते पुनःपुन्हा प्रयत्न करतात. दोन दिवसांत दुरुस्ती झाली तर मधले बहुतेक मेल उशिरा का होईना येतात. मात्र या काळात चुकीच्या सर्व्हरनं 'असं खातंच नाही' असं उत्तर दिलं तर ते मेल कायमचे परत जातात. म्हणून अर्धवट मांडलेला नवा सर्व्हर चालू ठेवण्यापेक्षा तो बंद ठेवलेला बरा.

स्टॅटिक आयपी घेतलाच नसेल तर आणखी एक अडचण येते. नव्या राउटरच्या पानावर वॅन आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक आयपीमागं बसलेले आहात, एका चाळीला एकच दार असावं तसं. बाहेरून कुणी तुमच्या सर्व्हरपर्यंत येऊच शकत नाही. राउटरमध्ये पोर्ट कितीही उघडा, उपयोग नाही. आणि स्टॅटिक आयपी मिळाला तरी तो कोरा असतोच असं नाही. आधी तो कुणी वापरलेला असतो. नकोशा आयपींची यादी ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या पानावर तो टाकून बघा. घरगुती ब्रॉडबँडचे कित्येक आयपी तिथल्या यादीत मुळातच असतात, तुमची काही चूक नसताना.

आता भिंतींच्या आतले घोळ. नवा राउटर १९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.०.१ झाला की ऑफिसचे कॉम्प्युटर आपोआप नवा पत्ता घेतात, पण कोपऱ्यातलं झेरॉक्स-स्कॅनर मशीन घेत नाही. त्याच्यात कधीकाळी हातानं घातलेला गेटवे आणि डीएनएस तसाच राहतो, आणि 'स्कॅन टू मेल' बंद पडतं. मशीनवाल्याला बोलावण्याआधी त्याच्या नेटवर्कच्या पानावरचे ते दोन आकडे बघा. ज्यांच्याकडे टॅली किंवा इतर सॉफ्टवेअरचा सर्व्हर आतल्या नावानं चालतो त्यांनी कॉम्प्युटरना डीएनएस कोण देतंय ते बघावं. राउटर बाहेरचा डीएनएस वाटू लागला तर बाहेरच्याला तुमच्या आतल्या सर्व्हरचं नाव माहीत नसतं. आणि छोटा मेल जातो, पण दोन एमबीचं ड्रॉइंग जोडलं की अडकतो, असं दिसलं तर राउटरचा एमटीयू, म्हणजे एका पाकिटाची कमाल मर्यादा, १४९२ आहे का ते तपासा. पीपीपीओई लाइनवर १५०० ठेवला की मोठी पाकिटं वाटेत अडकू शकतात. हा बिघाड ओळखायला मला पहिल्या वेळी पूर्ण दिवस लागला होता.

माझं मत स्पष्ट आहे. दहा-वीस माणसांच्या ऑफिसानं आपल्या लाइनवर स्वतःचा मेल सर्व्हर चालवू नये. खाती होस्टेड सेवेवर ठेवावीत. बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि स्कॅनर यांना त्याच सेवेतून पोर्ट ५८७ वरून, युजरनेम-पासवर्ड देऊन मेल पाठवायला लावावं. मग लाइन कितीही वेळा बदला, बाहेर जगाला दिसणारा सर्व्हर तोच राहतो. पोर्ट २५ हे सर्व्हरनं सर्व्हरशी बोलायचं दार, ते बऱ्याच कंपन्या साध्या ब्रॉडबँडवर बंदच ठेवतात. कळंब्यातही पुढच्या महिन्यात आम्ही हेच केलं.

डोमेनच बदलायची वेळ आली तर जास्तच जपा. हे आपल्या जिल्ह्यातल्या नागरी सहकारी बँकांनी अलीकडेच अनुभवलं. रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ मध्ये सगळ्या बँकांना 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर यायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. नोंदणीचं काम हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे. अशा बदलात नव्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं नव्यानं लागतं, आणि जुनं डोमेन सोडून द्यायचं नसतं. जुन्या पत्त्यावर येणारे मेल नव्याकडे वळवत ठेवा आणि जुन्याची फी भरत राहा. ते सोडलं तर उद्या दुसरा कुणी ते घेऊन तुमच्या नावानं पत्रं पाठवू शकतो.

ज्यांचे स्वतःचे नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनच्या नोंदी जगाला सांगणारे सर्व्हर, आहेत त्यांना आणखी एक सांगणं. दोन नेमसर्व्हर एकाच इमारतीत, एकाच लाइनवर ठेवू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या आतल्या नेटवर्कमधल्या एका बदलानं त्यांचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले आणि फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहाएक तास बंद राहिले. आपल्याला तर ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चे पूर आठवतात. शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता, दुरुस्तीचा माणूस येणार कुठून? एक नेमसर्व्हर कोल्हापूरच्या बाहेर असलाच पाहिजे.

त्या सोमवारी सर्वांत जास्त वेळ गेला तो मात्र या कशातच नाही. डोमेनच्या पॅनेलचा पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधण्यात गेला. डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर होतं आणि तो नोकरीला बंगळुरूला गेलेला. त्यानं फोन उचलला म्हणून काम झालं. डोमेन तुमच्या संस्थेच्या नावावर असलं पाहिजे, आणि त्याच्या नोंदणीचा मेल पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा. डोमेन बंद पडलं तर मुदत संपल्याची सूचनाही तुम्हाला मिळणार नाही.

तुमच्याकडे लाइन बदलायची ठरली असेल तर तारखेच्या दोन-तीन दिवस आधी सगळ्या नोंदींचा टीटीएल ३०० वर आणा. ए, एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी जशाच्या तशा वहीत उतरवून घ्या, पॅनेलचा फोटो काढून ठेवा. नव्या कंपनीकडून स्टॅटिक आयपी आणि पीटीआर आधीच लिहून घ्या. जुनी लाइन निदान आठ दिवस सोडू नका, दोन्हींचं भाडं एका अडकलेल्या गाडीपेक्षा स्वस्त पडतं. जीएसटीची २० तारीख आणि पगाराचा आठवडा टाळून शनिवार निवडा, आणि त्या दिवशी एका वेळी एकच बदल करा.

आणि लाइन बदलायची नसली तरी आज एवढं बघा, तुमचं डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते.